चोवीस रकान्यांचं वर्ष : वाचनवहीची प्रस्तावना

दर वर्षी जानेवारीत वाचनालयाच्या देवघेव टेबलापुढची गर्दी वाढते. नवे सभासद अनामत भरतात, जुने सभासद थकलेली वर्गणी चुकती करतात आणि यंदा पन्नास पुस्तकं वाचायचीच असं उत्साहाने सांगतात. मग मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा येतात, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, जूनमध्ये शाळा आणि पेरण्या, पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी. डिसेंबरात किती वाचलं असं विचारलं तर बहुतेकजण अंदाजाने एक आकडा सांगतात. काय वाचलं ते आठवून आठवून सांगावं लागतं. आणि काय वाचलं नाही, हे तर कोणालाच सांगता येत नाही. ही वही त्या शेवटच्या प्रश्नासाठी केली आहे.

वहीची रचना साधी आहे. वर्षाला २४ पुस्तकं, म्हणजे महिन्याला दोन. अट एवढीच, की ही चोवीस पुस्तकं चोवीस वेगवेगळ्या प्रकारांतली हवीत. प्रत्येक प्रकाराला एक रकाना आहे: कादंबरी, कथासंग्रह, कविता, नाटक, ललित निबंध, चरित्र, स्त्रीचं आत्मकथन, दलित किंवा भटक्या-विमुक्त समाजातल्या लेखकाचं आत्मकथन, प्रवासवर्णन, इतिहास, वैचारिक लेखन, विज्ञान, निसर्ग, शेती आणि अर्थकारण, संगीत-चित्रादी कला, बोलीतलं लेखन, भारतीय भाषेतून आलेला अनुवाद, परदेशी भाषेतून आलेला अनुवाद, १९०० सालापूर्वीचं पुस्तक, संत किंवा महानुभाव वाङ्मय, बालकुमारांचं पुस्तक, दिवाळी अंक, आपल्या जिल्ह्याविषयीचं पुस्तक आणि पूर्वी कधीतरी अर्धवट सोडलेलं पुस्तक. सरासरी दोनशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाची ४८०० पानं होतात, दिवसाची तेरा-चौदा. नोकरी, घर, शेत सांभाळून अर्ध्या तासात एवढं वाचन होतं. त्यामुळे वेळ नाही ही अडचण फार मोठी नाही. खरी अडचण सवयीची आहे. आपण ज्या कपाटापाशी नेहमी थांबतो, त्याच्या पुढे जातच नाही.

वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवण्याची रीत जुनी आहे आणि मोठ्या कामात गढलेल्या माणसांनीही ती पाळली आहे. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं अशा याद्या वह्यांमध्ये सांभाळल्या. त्याचा सिद्धांत ज्या वर्षांत आकाराला आला, त्याच वर्षांच्या या याद्या आहेत. म्हणून डार्विनचे विचार कुठून कुठे गेले हे शोधणारे अभ्यासक आजही त्या वह्या उघडतात. दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले आणि आजारपणामुळे फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली. या अवधीत त्यांनी सुमारे दीडशे पुस्तकं वाचली. तुरुंगातल्या रोजनिशीत त्यांच्या नोंदी आहेत. ती यादी पाहिली की पुस्तकांच्या संख्येपेक्षा त्यांच्या पसाऱ्याचं नवल वाटतं. महाभारत आणि उपनिषदं आहेत, गिबनचा रोमचा इतिहास आहे, गटेचं ‘फाउस्ट’ आहे, किपलिंग आहे, ज्यूल व्हर्नसुद्धा आहे. शिवाय उर्दू आणि तमिळचा अभ्यास चालूच होता. राजकीय कैद्याने राजकारणाचीच पुस्तकं वाचावीत, असं त्यांना वाटलं नाही. ज्याचं एक मत पक्कं झालेलं आहे, त्याने तर उलट दहा दिशांनी वाचावं, असं ती यादी मला सांगते.

आता ही नोंद मोबाईलवर आली आहे. ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळाने २०११ पासून वर्षाचं वाचनाचं आव्हान सुरू केलं. वर्षाच्या सुरुवातीला एक आकडा ठरवायचा आणि पुस्तक संपलं की तिथे नोंदवायचं. जगभरचे लाखो वाचक त्यात भाग घेतात. त्याने अनेकांना वाचनाकडे परत आणलं, यात शंका नाही. परंतु आकडा एकटा असला की त्याचे दोन तोटे होतात. पहिला असा, की माणूस बारीक पुस्तकं शोधू लागतो. साठ पानांचं पुस्तक आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हिशेबात सारखंच ‘एक’ ठरतं, मग जाड पुस्तकाला हात कोण लावणार? दुसरा तोटा त्याहून मोठा. एकाच लेखकाच्या, एकाच धाटणीच्या पन्नास कादंबऱ्या वाचूनही पन्नासचा आकडा पुरा होतो आणि वाचक जिथे होता तिथेच राहतो. हे ओळखूनच २०१५ मध्ये अमेरिकेत ‘रीड हार्डर’ नावाचं आव्हान सुरू झालं. त्यात दर वर्षी वेगवेगळ्या प्रकारची २४ कामं वाचकापुढे ठेवली जातात. चोवीसचा आकडा आपणही घेतला आहे. प्रकार मात्र मराठी पुस्तकांच्या कपाटांकडे पाहून ठरवले आहेत, कारण आपली उणीव आणि आपली श्रीमंती दोन्ही त्या कपाटांत आहेत.

कपाटांचा विषय निघाला आहे तर ती लावली कशी जातात, हेही पाहू. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ग्रंथांचं दशांश वर्गीकरण मांडलं. माणसाच्या साऱ्या ज्ञानाचे त्यांनी दहा मुख्य वर्ग केले: सामान्य ग्रंथ, तत्त्वज्ञान, धर्म, समाजशास्त्रं, भाषा, विज्ञान, तंत्रज्ञान, कला, साहित्य, इतिहास-भूगोल. या दहांत साहित्य हा फक्त एक वर्ग आहे. त्या एका वर्गातही मराठी साहित्याला ८९१.४६ असा क्रमांक मिळतो आणि त्याच्या पोटात कविता, नाटक, कादंबरी, निबंध येतात. एखाद्या वाचकाचं देवघेव कार्ड काढून पाहिलं, तर बहुतेक वेळा वर्षभराची सारी देवघेव त्या एका वर्गातल्या एका पोटवर्गात, म्हणजे कादंबरीत झालेली दिसते. कादंबरी ही मोठी गोष्ट आहे आणि मी स्वतः तिच्यावरच वाढलो. पण ज्ञानाच्या दहा दालनांपैकी नऊंची दारं आयुष्यभर बंद राहावीत, हे कोणत्याही वाचकाला परवडणारं नाही.

आपल्याकडे ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यातल्या दोन नियमांचा आशय आहे. पहिल्यापुरती आपली ग्रंथालयं पुष्कळ धडपडतात. मागितलेलं पुस्तक शोधून देतात, नसेल तर मागवतात. दुसरं काम मात्र वाचकाच्या मदतीशिवाय होत नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या परतीच्या तारखेच्या कागदावर एकही शिक्का पडलेला नाही, अशी पुस्तकं प्रत्येक वाचनालयात आहेत. त्यांतली कितीतरी उत्तम आहेत. ती कोणी मागत नाही, कारण ती आहेत हेच कोणाला ठाऊक नसतं. लहान गावात कपाटांना कुलूप असतं आणि वाचक खिडकीतून पुस्तक मागतो. मागताना तो माहीत असलेलं नावच सांगणार. म्हणून या वहीत पुस्तकाच्या नावाआधी प्रकाराचं नाव छापलं आहे. ‘नाटक द्या’, ‘निसर्गावरचं काहीतरी द्या’ असं विचारलं की ग्रंथपालालाही कपाटं उघडावी लागतात आणि दोघांचं बोलणं सुरू होतं.

सगळ्या चोवीस रकान्यांचं समर्थन इथे करत बसत नाही. पण काही रकाने वाचकांना अनोळखी वाटतील आणि काही अनावश्यक वाटतील. त्यांच्याविषयी बोलायला हवं.

आत्मकथनांना दोन रकाने दिले आहेत, कारण या प्रकारात मराठीचं कर्तृत्व फार मोठं आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं रीतसर शालेय शिक्षण झालं नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि मराठी गद्याला एक नवा, घरगुती, निर्मळ सूर मिळाला. त्याच्याही आधी, १९१० मध्ये, रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या होत्या. फलटणच्या बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपात. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० चं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ चं. अवघ्या दहा वर्षांत या पुस्तकांनी मराठी समाजाला स्वतःचाच न पाहिलेला भाग दाखवला. ती वाचल्याशिवाय आपण महाराष्ट्र ओळखतो असं कोणी म्हणू नये. घरात, शेजारात, शाळेत जे आपल्याला कधी कोणी सांगितलं नाही, ते या पुस्तकांत आहे.

नाटक वाचायचं कशाला, ते पाहायचं असतं, असं अनेकजण म्हणतात. पाहावंच. पण गो. ब. देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. त्याचा प्रयोग आपल्या गावात केव्हा होईल याची वाट पाहत किती दिवस थांबणार? जरठ-बालाविवाहाच्या चालीवर तेव्हा रंगभूमीवरून केवढा घाव घातला गेला, हे संहिता वाचून कळतं. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘महानिर्वाण’, ‘वाडा चिरेबंदी’ ही नाटकं वाचताना दिग्दर्शक आपल्यालाच व्हावं लागतं. कोण कुठे उभं आहे, कोण गप्प आहे, हे मनात उभं करावं लागतं. वाचकाला एवढं कामाला लावणारा दुसरा प्रकार नाही. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली, देशपांड्यांच्या वाड्यातली शांतता कागदावरही ऐकू येते.

विज्ञान आणि निसर्ग हे दोन रकाने बहुतेकांचे रिकामे राहतात, हा माझा ग्रंथालयातला नित्याचा अनुभव. याचं कारण शाळेत आहे. विज्ञान म्हणजे गुण मिळवायचा विषय, अशी समजूत तिथे होते आणि दहावीनंतर ती दारं कायमची लागतात. जयंत नारळीकरांनी मराठीतून विज्ञानकथा लिहिल्या, ‘आकाशाशी जडले नाते’सारखं पुस्तक लिहिलं, आणि वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे या चार नगरांतलं आपलं आयुष्य सांगितलं, तेही मराठीतच. जागतिक कीर्तीचा खगोलशास्त्रज्ञ आपल्या भाषेत आपल्याशी बोलतो, हे भाग्य फार थोड्या भाषांच्या वाट्याला येतं. निसर्गाच्या रकान्यासाठी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहे. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींचं लेखन आहे. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा मांडणारं व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ आहे. ही पुस्तकं वाचून झाल्यावर परसातल्या झाडाकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

अनुवादाला एकाऐवजी दोन रकाने का, असा प्रश्न वहीचा आराखडा ठरवताना निघाला होता. कारण असं, की एकच रकाना ठेवला तर तो इंग्रजीतून आलेल्या पुस्तकानेच भरतो. अर्नेस्ट हेमिंग्वेची छोटी कादंबरी पु. ल. देशपांड्यांनी ‘एका कोळियाने’ म्हणून आणली, राम पटवर्धनांनी ‘पाडस’ दिलं, शांता शेळक्यांनी ‘चौघीजणी’. ही मराठीची स्वतःचीच पुस्तकं होऊन गेली आहेत. पण शेजारच्या कर्नाटकात काय लिहिलं जातं? एस. एल. भैरप्पांचं ‘पर्व’ उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणलं नसतं, तर आपल्यापैकी किती जणांना ते वाचता आलं असतं? साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं, ते एकमेकांच्या भाषा समजून घेण्याचंच होतं. कन्नड, गुजराती, कोकणी, तेलुगू, हिंदी, उर्दू या भाषा आपल्या सीमेवर आणि आपल्या गावांतही बोलल्या जातात. त्यांच्यासाठी वर्षातून एक रकाना ही फार मोठी मागणी नाही.

बोलीच्या रकान्याबद्दल थोडं अधिक. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, मुलगा सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. खानदेशच्या बोलीतली ती गाणी वाचायला पुण्या-मुंबईच्या वाचकाला थोडं थांबावं लागतं, ओळ मोठ्याने म्हणावी लागते. तसं थांबणं चांगलंच. मालवणी, वऱ्हाडी, झाडीबोली, अहिराणी यांतलं काही वाचल्यावर मराठी किती विस्तीर्ण आहे, याची जाण येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो अभिमान बाळगायचा तर या भाषेच्या सगळ्या वाड्या-वस्त्यांवर वाचक म्हणून जायला हवं.

जुन्या पुस्तकांचा रकाना अवघड वाटेल, पण तो भरायला मोठा ग्रंथच हवा असं नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं १८८२ मधलं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छोटंसं आहे आणि त्यातला संताप आजही ताजा आहे. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ चं. गोव्याच्या वाचकांसाठी आणि आपल्या सर्वांसाठीच, १६१६ मध्ये राचोल इथे छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ आहे. एका इंग्रज धर्मोपदेशकाने ओव्यांमध्ये रचलेलं हे पुराण मराठीवरच्या प्रेमाची साक्ष आहे. दिवाळी अंकाला रकाना आहे, कारण १९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली खास परंपरा झाली आहे. अट एकच, की एक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. फराळाबरोबर चाळून बाजूला ठेवलेला अंक इथे धरला जाणार नाही.

आता नोंद कशी करायची ते सांगतो. प्रत्येक पानावर पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक आणि मूळ भाषा, प्रकाशनाचं साल, पुस्तक कुठून मिळालं, वाचायला कधी घेतलं आणि कधी संपलं, एवढ्या जागा आहेत. खाली दहा ओळी मोकळ्या आहेत. त्यांत पुस्तकाचा सारांश लिहू नका. तो मलपृष्ठावर असतोच. या पुस्तकाने तुम्हाला पूर्वी ठाऊक नसलेलं काय सांगितलं आणि तुमचं कोणतं मत हललं, ते लिहा. काहीच हललं नसेल तर तसं लिहा.

एक पुस्तक एकाच रकान्यात धरायचं, हा नियम पाळा. विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घेऊ. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक चार पैसे मिळतील म्हणून उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या धामधुमीत सापडला. त्याने झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिला. त्याचं लेखन चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं. हे प्रवासवर्णन आहे आणि इतिहासाचं साधनही आहे. ते कुठे लिहायचं हे तुम्ही ठरवा, पण दोन्हीकडे लिहू नका. ठरवताना हे पुस्तक आपल्याला मुळात काय वाटलं, याचा निवाडा आपोआप होतो आणि तो निवाडा म्हणजे वाचनाचाच भाग आहे.

पुस्तक अर्धवट सोडलं तर तेही नोंदवा: कोणत्या पानावर सोडलं आणि का. सोडणं हा वाचकाचा हक्क आहे. कधी पुस्तक फसलेलं असतं, कधी आपली वेळ आलेली नसते. म्हणूनच शेवटचा रकाना जुन्या अर्धवट पुस्तकासाठी ठेवला आहे. अनेकांनी ‘कोसला’ विशीत सोडलं आणि चाळिशीत एका बैठकीत वाचलं. ऐकलेलं पुस्तक चालेल का, असं विचारतात. पूर्ण ऐकलं असेल तर जरूर चालेल. ज्या भाषेत कीर्तन आणि पारायण शतकानुशतकं ऐकलं गेलं, तिथे ऐकण्याला कमी लेखता येणार नाही. डोळे अधू झालेले वाचक आणि दिवसभर गाडी चालवणारे वाचक कानांनीच वाचतात. नोंदीत फक्त ‘ऐकलं’ असं लिहा.

दर तीन महिन्यांनी, म्हणजे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या अखेरीला, वहीच्या शेवटचा मोठा तक्ता भरायचा आहे. प्रगती मोजायची ती इथे. किती पुस्तकं झाली हा त्यातला पहिला आणि सर्वांत सोपा प्रश्न. पुढचे प्रश्न असे: त्यांत स्त्रियांनी लिहिलेली किती? आपल्याहून वेगळ्या जातीच्या, धर्माच्या, प्रदेशाच्या लेखकांची किती? मूळ मराठी किती, अनुवादित किती? कोणकोणत्या दशकांतली? विकत घेतलेली किती, वाचनालयातली किती? आमच्या वाचकमंडळात एक निवृत्त तलाठी आहेत, ऐतिहासिक कादंबऱ्यांचे जाणकार. पहिल्या तिमाहीचा तक्ता भरल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, की स्त्री लेखकांच्या रकान्यात लिहायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ नेलं. महाभारतातल्या माणसांकडे त्या पुस्तकाने ज्या स्वच्छ, निर्भय नजरेने पाहिलं आहे, त्यावर ते मंडळात तासभर बोलले. कोणी त्यांना उपदेश केला नव्हता. एका रिकाम्या रकान्याने ते काम केलं.

रिकाम्या रकान्याची लाज वाटू देऊ नका. डिसेंबरात चोवीसपैकी चौदा भरले आणि दहा राहिले, तर त्या दहांची यादी हीच तुमच्या वर्षाची सर्वांत उपयोगी कमाई आहे. आपली आवड कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असतंच. आपलं अज्ञान कुठे आहे, हे एवढ्या नेमकेपणाने दुसरं कोणी सांगत नाही. यासाठी या वहीत गुण नाहीत, क्रमांक नाहीत, बक्षीसही नाही. शिक्षक-पालकांनाही हेच सांगणं. १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, आपल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी ही वही मुलांना जरूर द्या, पण ती तपासायला मागू नका. तपासली जाणारी वही मुलं भरतील, पण पुस्तकं वाचणार नाहीत.

शेवटचा मुद्दा ग्रंथालयांचा, आणि माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, पणजीचं आजचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये उभं राहिलं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानाच्या आधाराने हे जाळं तालुक्यांत आणि खेड्यांत पोचलं. आज राज्यात अशी हजारो ग्रंथालयं आहेत. या ग्रंथालयांत कोणती पुस्तकं यावीत, हे शेवटी वाचकांची मागणी ठरवते. कविता कोणी मागत नाही म्हणून कवितासंग्रह घेतला जात नाही. ग्रंथालयं घेत नाहीत म्हणून प्रकाशक छापायला कचरतो, आणि मग कवीने स्वतःच्या खर्चाने काढलेल्या प्रती त्याच्याच घरी पडून राहतात. नाटकाचं, विज्ञानाचं, बोलींचंही असंच होतं. वाचकाचा रिकामा रकाना काही वर्षांनी ग्रंथालयाचं रिकामं कपाट होतो. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका गावात वीस वाचकांनी ही वही मनापासून भरली, तर वर्षभरात त्या वाचनालयाच्या मागणी वहीत असे विषय दिसू लागतील, जे तिथे पूर्वी कधी लिहिले गेले नव्हते. मुंबई-पुण्यापासून दूर, इंदूर-बडोद्यात किंवा परदेशात राहणाऱ्या वाचकांनाही हे करता येईल. चार घरांनी मिळून वेगवेगळ्या रकान्यांची पुस्तकं मागवायची आणि फिरवायची.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. आज पहिल्या पानावर नाव आणि तारीख घाला. चोवीस रकान्यांवरून एकदा नजर फिरवा आणि ज्या प्रकारातलं एकही पुस्तक तुम्हाला आठवत नाही, त्यावर खूण करा. या आठवड्यात वाचनालयात जाल तेव्हा त्या प्रकारातलं पुस्तक मागा. तिथे नसेल तर मागणी वहीत लिहा आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारा.